सेल्फियातले पहिले वर्ष : 'रून फॅक्टरी ४' नव्याने खेळणाऱ्यांसाठी

'रून फॅक्टरी ४' हा खेळ जपानमध्ये २०१२ साली निन्टेन्डो थ्रीडीएसवर आला आणि २०१३ मध्ये उत्तर अमेरिकेत पोहोचला. २००६ साली निन्टेन्डो डीएसवर सुरू झालेल्या मालिकेतला हा क्रमांकाने चौथा अंक. शेतीच्या निवांत खेळाला तलवार, जादू आणि राक्षस यांची जोड दिली तर काय होईल, या कल्पनेतून ही मालिका जन्माला आली. ती घडवणारी नेव्हरलँड ही कंपनी २०१३ च्या अखेरीस बंद पडली, पण खेळ टिकला आणि २०१९ साली 'रून फॅक्टरी ४ स्पेशल' या नावाने पुन्हा बाजारात आला.

मी हा खेळ पहिल्यांदा हाती घेतला तेव्हा खेळातल्या पंधरा दिवसांतच कंटाळून बाजूला ठेवला होता. दोष खेळाचा नव्हता. मी शेती हा पैसे मिळवण्याचा जोडधंदा समजत होतो आणि लढाई हा खरा खेळ. इथे मात्र शेत तलवारीला पोसते आणि तलवार शेताला, हे मला दुसऱ्या वेळी कळले. पुढचा मजकूर त्या दुसऱ्या वेळच्या अनुभवावर आधारलेला आहे. कथानकातली रहस्ये शक्यतो फोडलेली नाहीत.

१. कोणती आवृत्ती घ्यावी

मूळ थ्रीडीएस आवृत्तीचा शोध घेण्यात आता फारसा अर्थ नाही. त्या यंत्राचे ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये खरेदीसाठी बंद झाले, त्यामुळे जुनी कार्डे हाताशी असलेल्यांनीच त्या वाटेला जावे. 'स्पेशल' ही आवृत्ती निन्टेन्डो स्विचवर जपानबाहेर २०२० मध्ये आली आणि डिसेंबर २०२१ पासून ती पीसी, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन यांवरही मिळते. तिच्यात चित्रे अधिक स्वच्छ आहेत, 'हेल' नावाची अतिकठीण पातळी आहे आणि लग्नानंतर उघडणारा 'न्यूलीवेड मोड' आहे. खेळाचा गाभा मात्र मूळचाच आहे.

आधीचे भाग खेळलेले नसले तरी काही अडत नाही. गाव नवे, नायक नवा, आणि त्याची स्मृतीच गेलेली असल्यामुळे त्याला जेवढे ठाऊक तेवढेच आपल्यालाही ठाऊक असते. पहिल्याच खेपेला 'हेल' निवडण्याचा मोह मात्र टाळावा. ती पातळी खेळाचा आतला हिशेब पाठ झालेल्यांसाठी आहे.

सुरुवातीला हाताशी असाव्यात अशा गोष्टी :

- 'स्पेशल' आवृत्ती आणि ती चालणारे कोणतेही एक यंत्र.
- एक वही. कोणत्या गावकऱ्याला काय आवडते, कोणते पीक कोणत्या हंगामाचे, कोणता राक्षस कोणत्या भेटीला भुलतो, हे लिहून ठेवण्यासाठी. खेळ या गोष्टी एकदा सांगतो आणि विसरून जातो.
- एकापेक्षा अधिक सेव्ह, म्हणजे खेळ जिथवर आला तिथवरच्या जतन केलेल्या नोंदी. एकाच सेव्हवर वारंवार लिहू नये. कारण दहाव्या पायरीत कळेल.
- कामचलाऊ इंग्रजी किंवा जपानी. संवाद भरपूर आहेत आणि विनोद बहुतेक त्यांतच दडलेला आहे.

२. पहिला प्रश्न वाचून उत्तर द्या

खेळ सुरू होतो तो एका उडत्या जहाजावर. शिपायांशी झटापट होते, नायकाची स्मृती जाते आणि तो आकाशातून थेट सेल्फिया गावच्या रक्षक ड्रॅगनच्या, म्हणजे व्हेन्टसविलच्या, अंगावर येऊन पडतो. या गडबडीत तुम्हाला दोन वाक्यांपैकी एक निवडायला सांगितले जाते. ते नुसते उद्गार वाटतात, पण त्यांवरूनच तुम्ही लेस्ट हा नायक होणार की फ्रे ही नायिका, हे ठरते. पुढे लग्नासाठी कोणते सहा उमेदवार असतील, हेही त्याच निवडीवर अवलंबून असते. मी पहिल्या वेळी न वाचताच बटण दाबले होते. तुम्ही घाई करू नका, आणि निवड चुकलीच तर तिथल्या तिथे नव्याने सुरू करा. पाचच मिनिटे वाया जातील.

यानंतर गावात तुम्हाला येऊ घातलेला राजपुत्र समजले जाते. खरा राजपुत्र आर्थर लवकरच येतो, पण त्याला राज्यकारभारापेक्षा व्यापारात अधिक रस असल्यामुळे तो ते काम आनंदाने तुमच्याच गळ्यात घालतो. त्यामुळे राहायला वाडा मिळतो, वाड्याला लागून शेत मिळते, आणि कारभारी व्हल्कॅननचा खणखणीत आवाज सकाळ-संध्याकाळ कानावर पडत राहतो.

३. आरपीचा हिशेब

पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात. एचपी म्हणजे जीव, आणि आरपी म्हणजे रून पॉइंट, अर्थात अंगातली ताकद. कुदळ मारली, झारीने पाणी घातले, झाड तोडले, तलवार चालवली, मंत्र म्हटला, भट्टीवर काही घडवले, तरी आरपी खर्च होते. नवखे खेळाडू बहुधा इथेच फसतात. आरपी संपली तरी खेळ तुम्हाला अडवत नाही. हात चालूच राहतो, पण यापुढचा खर्च एचपीतून वळता होतो.

मी पहिल्या दिवशी काय केले ते सांगतो. शेत हाती आल्याबरोबर एका टोकापासून कुदळ चालवायला घेतली. चौकटीमागून चौकट काळी होत जाते, आवाजही छान येतो, आणि हात थांबत नाही. अर्धे शेत खणून झाल्यावर आरपीची पट्टी रिकामी झाली होती, पण माझे लक्ष जमिनीवर होते. आणखी दहा-बारा घाव घातले, आणि नायक कुदळीसकट आडवा झाला. डोळे उघडले ते दवाखान्यात. उपचाराचे पैसे वळते झाले होते, बियाण्यासाठी जे थोडे शिल्लक होते तेही गेले, आणि खणलेल्या शेतात पेरायला काही उरले नाही. राक्षसाने एकदाही अंगाला हात लावला नव्हता.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण या खेळात अक्षरशः खरी आहे. पहिल्या आठवड्यात पुढील बेताने चालावे.

पहिल्या दिवशी सोळा ते वीस चौकटींपेक्षा अधिक जमीन खणू नका. खणायला जेवढा खर्च येतो त्याशिवाय पाणी घालण्याचा खर्च रोज येतो, आणि बी अंथरून मोकळे झालेल्याला त्याचा विसर पडतो. सकाळी आधी पाणी, मग उरलेल्या ताकदीत लाकूड-दगड किंवा रान, असा क्रम ठेवा. आरपी चौथ्या हिश्शावर आली की अवजार खाली ठेवा आणि ताकद लागत नाही अशी कामे करा. गावात फिरून सर्वांशी बोलणे हे त्यातले सर्वांत फायद्याचे काम.

ताकद भरून काढण्याचे तीन मार्ग आहेत. झोपेने ती भरतेच. सरायीतल्या स्नानगृहात थोडे पैसे देऊन आंघोळ केली तर दिवसाढवळ्याही भरते, आणि सुरुवातीच्या दिवसांत दुपारची एक आंघोळ म्हणजे जवळजवळ दुसरा दिवस हाती आल्यासारखे असते. तिसरा मार्ग शिजवलेल्या अन्नाचा. स्वयंपाकाचा परवाना (सहावी पायरी पाहा) आणि सामान मिळेपर्यंत तो आपल्या हाती नसतो. विश्नल या शिकाऊ कारभाऱ्याने काही रांधून दिलेच, तर ते आभार मानून घ्यावे आणि खाऊ नये.

अवजाराचे बटण दाबून धरले तर घाव साठतो आणि एका फटक्यात अनेक चौकटी खणल्या किंवा भिजवल्या जातात. नवख्यांना वाटते की यात ताकद वाचते. वाचतो तो मुख्यतः वेळ; साठवलेला घाव साध्या घावापेक्षा अधिक आरपी खातो. कौशल्य वाढल्यावर हा व्यवहार परवडू लागतो, आधी नाही.

४. पहिली पेरणी

खेळातले वर्ष चार हंगामांचे आणि प्रत्येक हंगाम तीस दिवसांचा आहे. तुमची सुरुवात वसंतात होते. सलगम हे त्या काळातले विश्वासू पीक आहे. ते लवकर तयार होते आणि बी स्वस्त असते, पण एकदा उपटले की संपते. पहिल्या तोडणीचे पैसे हाती आले की काही चौकटींत स्ट्रॉबेरी लावावी. ती तयार व्हायला वेळ घेते, पण एकाच रोपाला पुन्हा पुन्हा फळ धरते, त्यामुळे रोजचे खणणे आणि पेरणे वाचते. आरपीच्या हिशेबाने पाहिले तर हा फरक फार मोठा आहे.

हंगाम चुकलेले पीक लगेच मरत नाही, पण ते रखडते. पुढे जगभर फिरताना कायम एकाच हंगामात असलेली लहान शेते सापडतात. ज्यांना बारमाही एखादे पीक हवे असेल त्यांनी ती लक्षात ठेवावीत, कारण घरच्या शेतापासून ती लांब आहेत आणि रोज तिथे पाणी घालायला जाणे सोपे नाही.

तयार माल विक्रीच्या पेटीत टाकला की त्याचे पैसे नंतर जमा होतात, लगेच हाती येत नाहीत. म्हणून बियाण्यापुरती रोकड नेहमी बाजूला ठेवावी. उन्हाळ्यात वादळ आणि हिवाळ्यात हिमवादळ येऊन उभे पीक आडवे करू शकते. सगळा पैसा एकाच महागड्या पिकात गुंतवून वादळाच्या दिवशी हात चोळत बसण्याची पाळी माझ्यावर दोनदा आली आहे.

५. जमिनीचा कस, बियाण्याची पातळी आणि विळा

या खेळातला सर्वांत विचारपूर्वक रचलेला भाग हा आहे, आणि खेळ तो सर्वांत कमी समजावून सांगतो. मी पहिल्या वर्षभर विळा पोतडीत घेऊन हिंडत होतो आणि तो गवत कापण्यासाठी असावा अशी माझी समजूत होती.

प्रत्येक पिकाला आणि बियाण्याला १ ते १० अशी पातळी असते. पातळी वाढली की माल अधिक किमतीला जातो, खाण्यात अधिक उपयोगी पडतो आणि स्पर्धांमध्ये टिकतो. तयार पीक हाताने तोडले तर पीक मिळते. तेच पीक विळ्याने कापले तर त्याचे बियाणे मिळते, आणि ते आधीच्यापेक्षा वरच्या पातळीचे असू शकते. म्हणजे प्रत्येक तोडणीच्या वेळी तुम्हाला ठरवायचे असते की आज खायचे, विकायचे, की पुढच्या पेरणीसाठी राखायचे. माझा बेत असा असतो की नऊ चौकटी असतील तर दोन विळ्याखाली आणि सात हाताने. दोन-तीन पेरण्यांत सगळे शेत वरच्या पातळीवर जाते आणि मिळकतीत खंडही पडत नाही.

चढत्या पातळीचे बियाणे पेटीत टाकून विकले तर गावच्या दुकानातही त्या पातळीचे बियाणे मिळू लागते. म्हणून प्रत्येक नव्या पातळीची एक तरी पुडी विकावी. एका पुडीचे मोल नगण्य असते, पण पुढे घरचे बी संपले तर पुन्हा तळापासून चढावे लागत नाही. ब्लॉसम आजींच्या दुकानात वरच्या पातळीचे बी पहिल्यांदा दिसले तेव्हा मी किती वेळ ती यादी वरखाली करत होतो, ते सांगण्यासारखे नाही.

दुसरी बाजू जमिनीची. एकाच जागेवर सतत पीक घेतले की तिथला कस उतरतो, आणि उतरलेल्या जमिनीत पीक रेंगाळते. वरून पाहून हे कळत नाही. भिंग हाती घेऊन ती चौकट तपासावी लागते. भिंग मिळाले नसेल तर आधी ते मिळवा. मी माझ्या आवडत्या कोपऱ्यात, झारी भरायला जवळ पडते म्हणून, सलग पीक घेत राहिलो. उन्हाळ्यात तिथली रोपे बाजूच्यांपेक्षा मागे पडायला लागली, तेव्हा मी पाणी कमी पडते आहे असे समजून दिवसातून दोनदा पाणी घालत होतो. त्याचा काही उपयोग नसतो. दिवसाचे एक पाणी पुरते. बाकी फुकट गेलेली आरपी.

उपाय सोपा आहे. शेतात रोज उगवणारे तण उपटून फेकून देऊ नका आणि चार नाण्यांसाठी विकूही नका. ते खतपेटीत टाका. पेटी भरलेली राहिली तर जमिनीचा कस हळूहळू भरून येतो. त्याबरोबर शेताचा एक तुकडा आळीपाळीने पडीक ठेवा. ज्यांचे शेत मोठे झाले आहे त्यांना हे सहज जमते. लहान शेतातही चार चौकटी रिकाम्या ठेवल्याने कोणी उपाशी मरत नाही.

शेतातले ओंडके आणि दगड हे सुरुवातीला अडथळे वाटतात. कुऱ्हाडीने आणि हातोड्याने ते फोडल्यावर लाकूड आणि दगड जमा होतात, आणि पुढे गोठा बांधायला, वाडा वाढवायला तेच लागतात. तेव्हा ते जपून ठेवा.

६. विनंत्या, हुकूम आणि परवाने

इथे दोन वेगळ्या व्यवस्था आहेत आणि नवखे त्यांची गल्लत करतात. एलायझा ही बोलकी विनंतीपेटी तुम्हाला कामे सांगते. इतके खणा, हे पीक पाठवा, अमक्याला भेटा, अशी ती कामे असतात आणि त्यांच्या बदल्यात अवजारे, बियाणे किंवा माहिती मिळते. ही खरे तर शिकवणीच आहे. रोज सकाळी तिच्याकडे जाऊन उभे राहावे आणि पहिल्या महिन्यात एकही विनंती शिळी होऊ देऊ नये.

दुसरी व्यवस्था हुकमांची. राजपुत्राच्या नात्याने तुम्हाला प्रिन्स पॉइंट मिळत राहतात आणि ते खर्च करून तुम्ही हुकूम सोडू शकता. सणांचे आयोजन, शेताचा आणि पोतडीचा विस्तार, गोठा, दुकानातला वाढीव माल, सारे याच मार्गाने येते. काही हुकमांना पॉइंटांखेरीज पैसे आणि लाकूड-दगडही लागतात.

स्वयंपाक, भट्टी, दागिने-पादत्राणे आणि औषधे यांपैकी काहीही स्वतः करायचे असेल तर प्रत्येकाचा वेगळा परवाना काढावा लागतो. त्यासाठी लहानशी तोंडी परीक्षा होते. ती अवघड नाही. नापास व्हायला विशेष प्रयत्न लागतात. परवाना मिळाल्यावर त्या कामाचे टेबल विकत घ्यावे लागते, आणि मग प्रश्न येतो कृतींचा. कृती शिकण्यासाठी 'रेसिपी ब्रेड' नावाचे पाव खायचे असतात. हो, पाव खाल्ला की तलवार कशी घडवायची ते कळते. या मालिकेत असल्या गोष्टींवर कोणी भुवया उंचावत नाही.

हुकमांची यादी लांब आहे आणि पॉइंट थोडे. माझ्या मते पहिला क्रम पोतडी वाढवण्याचा, दुसरा स्वयंपाकाच्या परवान्याचा, तिसरा भट्टीच्या परवान्याचा. पोतडी लहान असली तर रानातून अर्धा माल टाकून यावे लागते. सजावटीचे आणि हौसेचे हुकूम दुसऱ्या वर्षाला ठेवले तरी चालतात.

भट्टीबाबत एक सूचना. अधिक चांगले अवजार दुकानात सापडेल या आशेने थांबू नका. कुदळ, झारी, विळा यांच्या वरच्या आवृत्त्या मुख्यतः स्वतः घडवायच्या असतात. शिवाय कोणतेही हत्यार किंवा अवजार घडवल्यावर त्यावर दहाव्या पातळीपर्यंत पुन्हा पुन्हा संस्कार करता येतो आणि प्रत्येक वेळी वापरलेल्या जिनसेचा गुण त्यात उतरतो. आपल्या कौशल्याच्या फार पलीकडची वस्तू घडवायला गेलात तर आरपी भसाभस जाते. तिसऱ्या पायरीतला कुदळीचा प्रसंग भट्टीसमोरही घडू शकतो.

७. प्रत्येक गोष्टीचे कौशल्य

तलवार, भाला, हातोडा यांची कौशल्ये असणारच. पण इथे चालण्याचे, खाण्याचे, झोपण्याचे, आंघोळीचे आणि वस्तू फेकण्याचेही कौशल्य आहे, आणि त्यांतले प्रत्येक वाढले की एचपी, आरपी किंवा ताकद थोडी वाढते. त्यामुळे एकाच कामाला जुंपून घेण्यापेक्षा दिवसभरात पाच-सहा वेगवेगळी कामे केल्याने अधिक लाभ होतो. याहून जास्त विचार करायची गरज नाही. खेळत राहिले की हे आपोआप साधते.

८. रानात जाण्यापूर्वी

पहिला डन्जन, म्हणजे राक्षसांनी भरलेली लढाईची जागा, योकमीरचे रान. गावापासून जवळ आहे आणि शिकण्यासाठी योग्य आहे. जाण्यापूर्वी सकाळचे पाणी उरकून घ्या, आरपी भरलेली असू द्या, आणि पोतडीत चार-सहा खाण्याच्या वस्तू ठेवा.

रानात राक्षस संपतच नाहीत असे वाटेल. ते तरंगणाऱ्या चमकत्या दारांतून येत असतात, आणि दार फोडल्याशिवाय येणे थांबत नाही. नवखा खेळाडू राक्षसांशी लढत राहतो आणि दमतो. आधी दार गाठा, ते फोडा, मग उरलेल्यांकडे वळा. मारलेले राक्षस मरत नाहीत, हेही लक्षात असू द्या. या जगात ते 'फॉरेस्ट ऑफ बिगिनिंग्ज' या आपल्या मूळच्या जागी परत जातात. कथानकाला या गोष्टीचे फार महत्त्व आहे, म्हणून इतकेच सांगतो.

हत्यारे सात प्रकारची आहेत : लहान तलवार, मोठी तलवार, भाला, कुऱ्हाड-हातोडा, जोडतलवारी, मुष्टी आणि जादूची काठी. मोठी तलवार पाहताक्षणी आवडते, पण तिचा वार संथ असतो आणि वार उगारलेल्या नायकाला राक्षस वाट पाहत थांबत नाहीत. सुरुवात लहान तलवारीने किंवा जोडतलवारीने करावी. नंतर सगळीच वापरून पाहा. सातवी पायरी आठवत असेल तर कारण सांगायला नको.

डन्जनातून झटकन बाहेर काढणारा 'एस्केप' मंत्र मिळाल्यावर तो नेहमी एका बटणावर ठेवा. तो म्हणायला थोडी आरपी लागते, तेव्हा शेवटचा थेंब त्यासाठी राखून ठेवणे आले. चमकता सेव्ह-बिंदू दिसला तर पुढे बहुधा बॉस, म्हणजे त्या जागेचा सर्वांत बलवान राक्षस, आहे असे समजावे, सेव्ह करावे आणि मगच आत पाऊल टाकावे.

९. राक्षस पाळणे

गोठ्यात रिकामी जागा असेल तर रानातल्या जवळजवळ कोणत्याही राक्षसाला भेट देऊन आपलेसे करता येते. बफामू दूध देते, क्लकाडूडल अंडी देते, वुली लोकर देतो. गोठाच नसेल तर कितीही भेटी द्या, उपयोग होत नाही. माझी टोपलीभर सलगमे अशीच गेली. आवडीची भेट दिली तर काम लवकर होते, नाहीतर चिकाटी लागते, आणि भेट देताना तो तुम्हाला मारत असतो हे विसरू नये. बचावाची तयारी ठेवून, एकट्या राक्षसाला गाठून हे करावे.

घरी आणल्यावर रोज ब्रश करावा आणि चारा भरून ठेवावा. जिव्हाळा वाढला की काही राक्षसांना शेतीचे काम नेमून देता येते. सकाळी उठून शेतावर यावे आणि सगळ्या चौकटी आधीच भिजलेल्या दिसाव्यात, हा क्षण आला की खेळाचा रंगच पालटतो. तोवर जी आरपी झारीत जात होती ती आता रानात घेऊन जाता येते. म्हणून पहिल्या उन्हाळ्याच्या आत एक तरी कामसू राक्षस गोठ्यात असावा असे मी म्हणेन. काही राक्षसांवर स्वारही होता येते आणि लढाईला सोबतही नेता येते. पुरेसा हट्ट केला तर बॉससुद्धा पाळता येतात.

१०. गावकरी, लग्न आणि नशिबावर सोडलेले प्रसंग

रोज प्रत्येकाशी निदान एकदा बोला. संवाद दिवसागणिक बदलतात, आणि ते लिहिणाऱ्यांनी हात आखडता घेतलेला नाही. क्लोरिका चालता चालता झोपी जाते, व्हेन्टसविल पॅनकेकसाठी जीव टाकते आणि रुबाब मात्र देवीचा ठेवते. भेट देताना वहीतली नोंद पाहावी. नावडती वस्तू दिली तर जिव्हाळा घटतो.

प्रेम व्यक्त केल्यावर समोरची व्यक्ती ती थट्टा समजून हसण्यावारी नेऊ शकते. याचा अर्थ नकार असा नाही. जिव्हाळा पुरेसा वाढलेला असेल तर काही दिवसांनी पुन्हा विचारावे. लग्नासाठी त्यापुढे एकत्र फिरायला जाणे, दोघांना पुरेल असा पलंग घरात असणे आणि स्वतः घडवलेली साखरपुड्याची अंगठी, अशी तयारी लागते. अंगठीसाठी दागिन्यांचा परवाना लागतो, हे ज्यांनी तो काढलेला नाही त्यांच्या ध्यानात बहुधा फार उशिरा येते.

आता या खेळातला सर्वांत मोठा दोष. गावात 'टाउन इव्हेंट' नावाचे लहान-मोठे प्रसंग घडतात आणि ते कधी घडतील हे बरेचसे नशिबावर असते. एक प्रसंग चालू असताना दुसरा सुरू होत नाही. लग्नाआधी त्या व्यक्तीशी निगडित प्रसंग घडून जावे लागतात, आणि कथानकाचे जे तीन भाग आहेत त्यांतला तिसराही अशाच एका प्रसंगातून सुरू होतो. दुसऱ्या भागाच्या शेवटी श्रेयनामावली झळकते आणि अनेक जण खेळ संपला असे समजून थांबतात. मीही थांबलो होतो. तो संपलेला नसतो, पण पुढचे दार कधी उघडेल ते खेळ सांगत नाही.

यावर करण्यासारखे एवढेच. चालू असलेला प्रसंग रेंगाळू देऊ नका. त्यात कोणाकोणाशी बोलायचे आहे ते शोधून तो लवकर निकालात काढा, म्हणजे जागा रिकामी होते. रात्री झोपण्यापूर्वी वेगळ्या जागी सेव्ह करा. सकाळी गावात फेरी मारून नवा प्रसंग सुरू झाला का ते पाहा, आणि काहीच घडले नसेल तर हवे असल्यास रात्रीच्या सेव्हवर परत या. हे करण्यात थोडी लबाडी आहे खरी, पण मी दोन हंगाम प्रामाणिकपणे वाट पाहिली आणि त्या काळात फक्त भोपळे वाढले.